चुन्याची रेघ

खोली बघायला गेले तेव्हा त्या गृहस्थांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. त्यांनी वजन विचारलं.

मी नुकतीच जालन्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. अंगावर नवी कोरी साडी, मनात नव्या नोकरीची ऐट. अशा वेळी परक्या पुरुषानं वजन विचारावं म्हणजे काय! मी तोऱ्यात म्हणाले, "असेल की बेताचं."

"बेताचं म्हंजे किती? खोली वर हाय, आन खालचं मातीचं माळवद जुनं हाय, बाई. त्याला अंदाज चालत न्हाई."

आणि खरोखरच त्यांनी मला अंगणातल्या काट्यावर उभं केलं. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारातून आणलेला, कापूस मोजायचा तो फळीचा काटा होता. मी पाय अवघडून उभी, आणि हे वाकून दांडीवरचं वजन सरकवत होते. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या बायकोनं डोकं बाहेर काढलं.

"द्या हो खोली तिला. पोरगी चिपाडासारखी हाय. तिच्यानं काय माळवद पडतंय?"

खोली मिळाली, पण अटीवर. पुस्तकांची ट्रंक भिंतीलगत ठेवायची, खोलीच्या मधोमध नाही. मैत्रिणी आल्या तर सगळ्यांनी एका कोपऱ्यात दाटी करून बसायचं नाही. मी त्या घरात पाच-सहा वर्षं राहिले आणि अजूनही कुणाच्या घरी गेले की जड माणूस कुठं बसलंय ते आधी बघते. ही त्यांची देणगी.

ते बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर होते. सगळं गाव त्यांना साहेब म्हणायचं, मी काका म्हणायला लागले. सारी नोकरी रस्त्यांवर आणि पुलांवर, तंबूत राहून काढलेली. उंच, कोरडे, उन्हानं करपलेले आणि बोलायला बसले की वजनाशिवाय दुसरा विषय नाही. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर चढायची. भाजीची पिशवी, पोस्टानं आलेलं पार्सल, पाहुण्यांची पोरं. जावई आले की पाय धुण्याआधी काट्यावर. ते बिचारे गरीब स्वभावाचे मास्तर, निमूट उभे राहायचे. मला आधी हा चक्रमपणा वाटला. मग एकदा काकूंनी सांगितलं, "जावयाचं वजन बराबर असलं म्हंजे शकूच्या घरी चूल नीट पेटून राह्यली, असं समजतेत ते. पत्रात काय, कुनीबी खुशाल लिहितंय."

शकू ही त्यांची एकुलती एक मुलगी. केदारखेड्याला दिलेली.

"वजन लपत न्हाई, बाई," हे काकांचं आवडतं वाक्य. "ते बसतं. आज न्हाई बसलं तर उद्या बसतं."

त्यांची दुसरी खोड मात्र मला भलती जाचक वाटायची. हा माणूस कुणाकडून काही म्हणजे काही घ्यायचा नाही. मी संक्रांतीला गावाकडून आणलेल्या शेवयांचा डबा दिला, तर त्यांनी तो मोजला आणि संध्याकाळी बरोबर तेवढ्याच वजनाचा गूळ माझ्या खोलीत आणून ठेवला. मी रागावले. म्हटलं, "काका, ही काय देवाणघेवाण आहे का?" तर म्हणाले, "न्हाई, बरोबरी हाय." नोकरीत ठेकेदार घरी यायचे, गावकरी काकड्या, आंबे, हुरड्याची कणसं घेऊन तंबूवर यायचे, ह्यांनी कधी कशाला हात लावला नाही. ते चांगलंच होतं. पण हात न लावायची सवय इतकी हाडात मुरली की निवृत्त झाल्यावरही हात पुढं येईना. काकूंचं एक ठरलेलं दुखणं होतं: "बाकीच्या सायबांच्या घरी आंब्याच्या पाट्या यायच्या. ह्यांच्या हातून कोथिंबिरीची काडीबी कधी घरात आली न्हाई." त्यांना आंबे नको असत. नवऱ्यानं गावाहून येताना काहीतरी हातात घेऊन दारात उभं राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आता त्या गाडीचं सांगते.

एका लिलावात काकांनी बाद झालेली ॲम्ब्युलन्स घेतली. रहीमचाचा म्हणून त्यांचे जुने दोस्त होते, मोटार-मेकॅनिक. दोघांनी मिळून तीन महिने ती गाडी उलटीपालटी केली. आत भिंतीला बिजागरीनं जोडलेली खाट, कोपऱ्यात रॉकेलचा स्टो, टपावर नको म्हणून खाली जमिनीलगत बसवलेली पाण्याची टाकी, आणि काकूंनी शिवलेले फुलाफुलांचे पडदे. चालतं घरच की ते! गल्लीतली पोरं तिला 'साहेबाची खोली' म्हणायची.

लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला यात्रेला जायचंय. काका सांगायचे की बायकोला आपण बांधलेले पूल दाखवायचे आहेत. काकू माझ्या कानात म्हणायच्या, "मला काय करायचेत पूल?" खरं कारण निराळं होतं आणि ते घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

आदल्या वर्षी शकूला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात ती बसनं माहेरी यायला निघाली. रस्ताभर गचके बसले, घरी आली ती पोटात दुखतंय असं म्हणतच, आणि मूल राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं की असं गचक्यांनी होत नाही, व्हायचं असतं ते होतं. सासरी कुणाला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर काकांनाही पटलं नाही. तो रस्ता त्यांनी केला होता. दुष्काळी कामावर, त्यांच्याच देखरेखीखाली.

आता शकूला पुन्हा दिवस गेले होते आणि सातवा लागला होता. सासूबाईंचा निरोप आला होता, की पोरीला बसनं धाडणार नाही, बैलगाडीनं तर नाहीच. काकूंचा जीव टांगणीला लागला. पहिलं बाळंतपण आईकडं व्हावं, हे कुठल्या आईला वाटत नाही? म्हणून ही गाडी.

रहीमचाचांनी स्प्रिंगा नव्या घातल्या होत्या. पण काका म्हणत, स्प्रिंग नवी असून उपयोग नाही, तिला खालीवर व्हायला जागा लागते. वजन फार झालं की ती दबून बसते, आणि मग रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट माणसाच्या कमरेत येतो. त्यांनी मागच्या चाकाच्या आसाला एक लोखंडी पट्टी उभी जोडली आणि तिच्यावर चुन्यानं पांढरी रेघ ओढली. गाडीत वजन भरलं की वरचा पत्रा खाली खाली यायचा. रेघ दिसतेय तोवर गाडी मऊ चालणार. पत्र्याआड रेघ झाकली गेली, की गाडी जागची हलवायची नाही.

"गाडीत चार वजनं असतात, बाई," मला त्यांनी समजावलं. "गाडीचं, माणसाचं, पाण्याचं आन हौसेचं. पहिली तीन मोजता येतात. गाडी मोडती ती चौथ्यानं."

दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरलं. शकूला सोबत म्हणून काकूंनी मलाही ओढलं. आदल्या दिवशी अंगणात एकच सोहळा. एकेक वस्तू काट्यावर चढून गाडीत जात होती. जड सामान खाली आणि दोन्ही चाकांच्या मधे, हलकं वर. डावीकडं स्टो तर उजवीकडं काकांची अवजारांची पेटी. काकांनी त्यांची तंबूतली लोखंडी घडीची खाट आणि कॅनव्हासची खुर्चीही घेतली होती, कारण दुसऱ्याच्या घरी गेले तरी ते दुसऱ्याच्या खाटेवर झोपत नसत. काकूंना मात्र लोखंडी खलबत्ता न्यायचा होता. शकूसाठी वाटेत डिंक कुटायचा होता म्हणे.

"खलबत्ता न्हाई," काका म्हणाले.

"बरं, न्हाई तर न्हाई," काकू इतक्या पटकन म्हणाल्या की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मग माणसांची मोजणी. मी चढले, उतरले. काकू पदर घट्ट लपेटून चढल्या. काकांनी दांडीकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं. "तुझं वजन वाढलं गं," ते जरा जपूनच म्हणाले.

"वय झालं," काकू म्हणाल्या.

रहीमचाचा दाराशी बसून चहा पीत होते. "साब, ये गाडी है, सराफ का काटा नई," ते म्हणाले. पण तेही उठून काट्यावर चढले. त्या अंगणात चहा प्यायचा म्हणजे एवढं करावंच लागायचं. गाडी ते चालवणार होते.

काकांनी येतानाचाही हिशोब केला होता. जाताना नेलेला फराळ आणि साड्या तिकडं उतरतील, येताना शकू वाढेल. पोटातल्या जीवाचं वजनही त्यांनी वेगळं धरलं होतं. रेघेच्या वर चार बोटं जागा राहत होती. ते फार खुशीत होते.

केदारखेड्याला स्वागत झकास झालं. शकूच्या सासूबाई उंच, खड्या आवाजाच्या, मिश्रीनं दात काळे केलेल्या. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, आत चढून खाटेवर दोनदा दणकन बसून पाहिलं आणि म्हणाल्या, "बराबर हाय. पोर जाईल हिच्यात." काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी मी केस विंचरून बाहेर आले, तर गाडीपाशी अर्धं गाव जमलेलं. बाजरीचं पोतं आत गेलं होतं. शेंगांचं पोतं जात होतं. तुपाचं गाडगं, मुगाची पिशवी, तीळ, कुणीतरी बाळासाठी शिवलेली गोधडी. शेजारच्या म्हातारीनं बाळंतिणीच्या दुधासाठी शेळी आणली होती, तिला दोघं जण मागच्या दारातून आत ढकलत होते आणि ती चारही पाय रोवून नाही म्हणत होती. माणसं हौसेनं घामेघूम झाली होती.

सगळा जन्म ह्या मुलखात काढलेल्या माणसाकडून अशी चूक व्हावी! लेकीला बाळंतपणाला धाडताना आमच्याकडं कुणी रिकाम्या हातानं धाडतं का? हे शेंबड्या पोराला कळतं. पण काका प्रत्येक गावातून रिकाम्या हातानंच परतले होते. येताना सामान वाढतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

ते खाली वाकले. रेघ दिसत नव्हती. पत्रा पार खाली बसला होता.

ते आत चढले, बाजरीचं पोतं ओढलं आणि खाली उतरवलं. मग शेंगांच्या पोत्याला हात घातला. आजूबाजूचा गलका हळूहळू थांबला.

"काय करून राह्यले, व्याहीबुवा?" सासूबाईंनी विचारलं.

"विहीणबाई, रेघ झाकली. हे न्यायला जमणार न्हाई."

"जमणार न्हाई?"

"वजन जास्ती हाय. शकूला गचके बसतील."

सासूबाईंनी पदर कमरेला खोचला. "मंग सून बी उतरवा. रिकाम्या हातानं पोर धाडली, असं कुनी म्हनाय नगं आमाला."

शकू आत खाटेवर बसलेली होती. काकू झटकन तिच्याजवळ गेल्या आणि तिचा हात धरून बसल्या, जणू कुणी खरंच ओढून नेतंय. मला दोन्ही म्हाताऱ्या माणसांचा असा संताप आला! एकाला रेघ प्यारी, दुसरीला मान, आणि मधे ती पोर.

"तुमचं हे आजचं न्हाई," सासूबाईंचा आवाज आता खाली आला होता, आणि तो जास्त लागत होता. "दुष्काळात ह्याच रस्त्यावर मी खडी फोडली. तुम्ही साहेब व्हते. सगळ्यांची हजेरी बराबर लावली, कुनाचा दाम बुडू दिला न्हाई. म्हून माझ्या दारच्या वेलाला एकच भोपळा आल्ता, तो मी तुमच्या तंबूवर आनून दिल्ता. तुम्ही त्याला हातबी लावला न्हाई. म्हनले, घेऊन जा. माझा भोपळा परत घेऊन मी चालत घरी आल्ते, समद्या बायांच्या समोरून. तवा तुम्ही साहेब व्हते, मी समजून घेतलं. आज कोन हायेत तुम्ही?"

काकांनी पोत्यावरचा हात काढून घेतला. म्हणाले, "मला ठाऊक हाय तो भोपळा. त्याच्याचमुळं पोर दिली ह्या घरात."

"वा! भोपळा घेतला न्हाई आन पोर दिली!" सासूबाई म्हणाल्या, पण आवाजातली धार गेली होती.

तेवढ्यात शकूनं पडदा सारून डोकं बाहेर काढलं. ती कमी बोलणारी मुलगी. म्हणाली, "बाबा, मागल्या वक्ताला रस्त्यानं न्हाई झालं ते. तुमच्या रस्त्यानं न्हाई झालं. मी आईलाबी कवाच सांगितलंय."

काकांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते आत चढले. पुन्हा सामान उतरायला लागलं, पण आता त्यांचं स्वतःचं. तंबूतली लोखंडी खाट उतरली. कॅनव्हासची खुर्ची उतरली. अवजारांची पेटी उतरली. टाकीची तोटी सोडून पाणी वाहू दिलं. ज्या खाटेशिवाय हा माणूस तीस वर्षं कुठं झोपला नव्हता, ती विहिणीच्या ओसरीवर गेली. शकूच्या गादीखाली हात घातला तर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. बाहेर काढलं. खलबत्ता!

"हे कसं आलं? हे काट्यावर चढलं न्हाई."

"चढलं की," काकू म्हणाल्या. "मी चढले तवा पदराखाली व्हतं. तुम्हीच म्हनले, वजन वाढलं."

काका क्षणभर विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे हिशोबात धरलेलं हाय!" असं म्हणून त्यांनी खलबत्ता जिथल्या तिथं परत ठेवला. गावकऱ्यांना काय झालं ते कळलं नाही, पण आम्ही घरची माणसं हसून हसून बेजार झालो. सासूबाईही हसल्या, काळे दात पदराआड लपवत.

बाजरी परत आत गेली, शेंगाही गेल्या. मी आणि रहीमचाचाही आपापल्या जागी चढलो, आणि काका पुन्हा वाकले. रेघ अजून झाकलेलीच होती, बोटभर.

"आता एकच नग जास्तीचा ऱ्हायला," ते म्हणाले आणि सरळ उभे राहिले. "रहीमभाई, तुम्ही चला. मी बसनं येतो. शेळीबी माझ्यासंगं येईल, ती आत लाथा मारून राह्यली."

शेळी उतरली. आणि रेघ दिसली. गावातली पोरं टाळ्या वाजवायला लागली, जसं काही त्यांना रेघेचं सगळं कळत होतं.

गाडी सुरू झाली तेव्हा सासूबाई घरात पळाल्या आणि एक भला मोठा लाल भोपळा घेऊन आल्या. गाडीकडं आल्या नाहीत. काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागच्या खिडकीतून बघत होते. काकांचा एक हात शेळीच्या दोरीत होता. दुसरा वर आला, थोडा थांबला, आणि त्यांनी तो भोपळा घेऊन बगलेत मारला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मग वळणामुळं मला पुढचं दिसलं नाही.

रहीमचाचांनी गाडी अशी चालवली की बैलगाड्या आम्हाला मागं टाकून जात होत्या. शकू वाटेत गाढ झोपली. काकू सगळी वाट तिच्याकडं बघत बसल्या होत्या. पुढं शकूला मुलगी झाली, धडधाकट. तिचं वजन काकांनी कापसाच्या काट्यावरच करायचं म्हणून हट्ट धरला आणि काकूंनी त्या काट्यावर आधी फुलाफुलांचा पडदा अंथरला. ती मुलगी परवा भेटली. अजूनही कुठं गेली की सामान दोन्ही हातांत सारखं धरते.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. आम्ही दुपारीच पोचलो होतो. दिवेलागण झाली तरी काकांचा पत्ता नाही. नंतर कळलं की पहिली बस खचाखच भरलेली बघून ते चढलेच नाहीत. कंडक्टरला वर म्हणाले, "तुमच्या स्प्रिंगा बसल्यात." दुसऱ्या बसच्या कंडक्टरनं शेळीवरून कटकट केली, तर त्यांनी तिचं वजन अंदाजे न सांगता, जालन्याला पोचल्यावर मोजून सांगतो म्हणून सांगितलं. बसस्टँडवरून घरी मात्र ते भर बाजारातून चालत आले. एका हातात शेळी, बगलेत भोपळा. आयुष्यात ज्यांच्या हातात कुणी कोथिंबिरीची काडी पाहिली नव्हती, त्या साहेबांना बघायला दुकानदार फळीवर उभे राहिले. "साहेब, हे काय?" असं ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला त्यांनी थांबून सांगितलं, "व्याह्यांनी दिलं."

काकू दारातच उभ्या होत्या. काका धुळीनं माखलेले, टोपी वाकडी झालेली. त्यांनी काकूंच्या हातात भोपळा दिला. काकूंना तो पेलवेना म्हणून मी पुढं झाले आणि सवयीनं तो उचलून काट्याकडं निघाले. त्या घरातली रीतच होती ती.

"बाई, तिकडं नगं," काका मागून म्हणाले. "ते मोजायचं न्हाई. आत न्या आन चिरा, भूक लागली."